कपाळावरचा दिवा

१

वैरागपासून दोन कोसांवरच्या त्या गावात कपाळाला दिवा बांधून हिंडणारा माणूस एकच होता, आणि तो भरदिवसाही हिंडायचा. त्याचं नाव महिपती. वय पंचेचाळीस, हाडापेरानं मजबूत, स्वभावानं भित्रा. यातली शेवटची गोष्ट त्याच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

दिवा त्याला धोंडप्पानं दिला होता. धोंडप्पा मूळचा दुधनीकडचा, पण वाढला याच गावात, महिपतीबरोबर. कोलारच्या सोन्याच्या खाणीत चार वर्षं राबून तो परत आला, तेव्हा हा आता सोनं आणणार म्हणून अर्धं गाव वेशीपर्यंत गेलं होतं. त्यानं आणला एक पितळी दिवा आणि खोकला. खोकला त्यानं स्वतःजवळ ठेवला, दिवा दोस्ताला दिला.

दिवा मुठीएवढा. खालच्या डबीत कार्बाइडचे खडे घालायचे, वरच्या डबीत पाणी. थेंब थेंब पाणी खड्यांवर पडलं की आतून फुसफुस व्हायची, सडक्या लसणाचा वास सुटायचा, आणि काडी लावली की पुढच्या चकचकीत वाटीतून पांढरी ज्योत निघायची. मागं चामड्याचा पट्टा होता, तो पटक्यावरून आवळून बांधायचा. खडे सोलापूरच्या बाजारात सायकलच्या दिव्यासाठी मिळत, त्यामुळे त्याची चिंता नव्हती.

झालं. त्या दिवसापासून महिपतीचं एकही काम दिव्यावाचून होईना. पहाटे शेरडं पिळायला दिवा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. शेळीच्या खुरातला काटा काढायला दिवा. माळ्यावरचा विळा शोधायला, पाटाचं पाणी धरायला, खुडूक कोंबडीखाली डोकवायला दिवा. पहाटे तांब्या घेऊन ओढ्याला जायलाही दिवाच, आणि तिथं मात्र गाव वैतागलं. महिपती जिकडं मान वळवायचा तिकडचा गडी बसल्या जागी लख्ख उजेडात यायचा. शेवटी चार वडीलधाऱ्यांनी त्याला बोलावून, ओढ्याच्या बाजूला मान सरळ ठेवावी, असं बजावलं.

घरात तर त्याच्याशी बोलणंही अवघड झालं. त्यानं तोंडाकडं बघितलं की समोरच्याचे डोळे दिपायचे, आणि त्यानं होकाराची मान हलवली की सगळं घर वरखाली व्हायचं.

"अवं, भाकरीकडं बघून जेवा," बजाबाई म्हणायची. "माज्याकडं नगा बघू. न्हाय तर कालवण डोळं मिटून वाडीन."

२

चैत्र संपत आला तसं फुलाचं लग्न आठ दिवसांवर आलं. फुला ही महिपतीची एकुलती एक. तिचं आधी एकदा ठरून मोडलं होतं, कारण काय तर मुलाकडच्या आत्याला येता येता वाटेत मांजर आडवं गेलं. त्यानंतर वर्षभर त्या पोरीनं आरशात बघितलं नव्हतं, आणि महिपतीच्या काळजाला ते फार लागलं होतं. तो तिच्यावर जीव टाकायचा आणि तसं बोलूनही दाखवायचा, हे त्या काळच्या बापाला शोभण्यासारखं नव्हतं, पण त्याला त्याची लाज नव्हती.

आता केम गावचं स्थळ जमलं होतं. व्याही हिंदुराव हा दिलदार माणूस, पण शंकेखोर. सोयरीक करायला आला तेव्हा त्यानं ताकाच्या वाटीत माशी बघितली आणि ती वाटी नव्हे तर सगळं ताक बदलायला लावलं. अमक्या घरच्या अन्नावर कुणाची नजर आहे, अमक्या विहिरीच्या पाण्याला बाधा आहे, असल्या गोष्टी त्याला पाठ होत्या. लग्नाआधी दोन दिवस तो स्वतः येऊन धान्य बघणार होता.

धान्य होतं पेवात. घरामागच्या मुरमाड पांढऱ्या मातीत खोदलेलं ते पेव. तोंड एका माणसापुरतं, खाली पोट मात्र खोलीएवढं, भिंतींना कडबा लावलेला, वर दगड ठेवून मातीनं लिंपलेलं. दोन सालांची ज्वारी महिपतीनं फुलाच्या लग्नासाठी त्यात भरून ठेवली होती. पेवाचा नियम असा, की एकदा तोंड उघडलं की वारं शिरतं आणि धान्य गरम व्हायला लागतं. म्हणून उघडलेलं पेव पाच-सहा दिवसांत तळापर्यंत रिकामं करावंच लागतं. मध्येच थांबलात तर सगळी ज्वारी आंबून जाते आणि गुरंही तिला तोंड लावत नाहीत.

आत उतरायचं काम महिपतीचं, वर दोर धरायचं धोंडप्पाचं. खालून बोललेलं वर नीट कळत नाही, म्हणून खूण ठरलेली. दोराला एक झटका बसला तर पोतं ओढायचं, दोन बसले तर माणूस.

दगड काढला, कंदील दोराला बांधून रात्रभर आत सोडला. सकाळी तो जळत होता. म्हणजे आतली हवा चांगली होती.

३

पहिल्या दिवशी पेवाच्या गळ्यातली ज्वारी वरूनच निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी महिपती पोटात उतरला.

पेवात उतरणं त्याला मुळीच आवडत नसे. वर तोंडाचा उजेड ताटाएवढा, तो खाली येईपर्यंत विरून जातो. ज्वारी पायाखालून सरकते. आणि आवाज असा काही मुरतो की स्वतःचं खाकरणंही दुसऱ्याचं वाटतं. इतकी वर्षं तो रामनाम घेत भरभर पोती भरून वर पळायचा आणि वर आल्यावर घाम पुसत "आत लई उकडतंय" असं सांगायचा.

यंदा दिवा होता. त्यानं काडी ओढली, वाटीतून ज्योत निघाली, समोरची कडब्याची भिंत पिवळीजर्द झाली आणि तिच्यावर त्याची सावली पडली. रुंद खांदे, पटका, सगळं झकास. महिपतीला इतकं बरं वाटलं की तो हसला. सोबत झाली.

"काय पाव्हणं," तो सावलीला म्हणाला, "लागायचं का कामाला?"

दुपारभर त्यानं सावलीशी गप्पा मारत पोती भरली. तो वाकला की ती वाकायची, तो टेकला की ती टेकायची. कधी त्याच्या जरा मागं राहायची, पण भिंत वाकडीतिकडी असल्यावर असं होणारच. संध्याकाळी तो वर आला तो गाणं गुणगुणतच.

"आज उकडलं न्हाय व्हय?" धोंडप्पानं विचारलं.

"आज लई गार हाय आत," महिपती म्हणाला.

४

त्याच दिवशी दिवेलागणीला बजाबाईनं लग्नासाठी घेतलेला नवा फेटा पेटीतून काढला. महिपतीनं तो बांधला, वर दिव्याचा पट्टा चढवला आणि आरसा हाताएवढाच असल्यामुळे आपलं रूप सावलीत बघावं म्हणून तो भिंतीसमोर उभा राहिला.

भिंतीवर सावली नव्हती.

तो एक पाऊल मागं सरला, मग दोन पावलं पुढं. मग खाली बसला आणि एकदम उठला. भिंत आपली स्वच्छ, सारवलेली, वर पाल बसलेली. हात पुढं केला तर हाताची सावली पडे, पण डोकं, खांदे, फेटा यांचा पत्ता नाही.

"काय चाललंय तुमचं?" बजाबाईनं विचारलं.

"सावली पडंना गं माजी."

"अवं, दिवा कपाळाला बांधलाय न्हवं? मग सावली पाटीमागं पडंल की. म्होरं कशी पडंल?"

महिपतीनं मागं वळून बघितलं. तो वळला तसा उजेडही वळला आणि सावली पुन्हा पाठीमागं गेली. चुलीजवळ बसलेल्या फुलाला ती दिसत होती, आणि बाप आपल्याच सावलीला पकडायला गोल गोल फिरतोय हे बघून ती पोट धरून हसत होती. लग्न मोडल्यापासून ती इतकी हसली नव्हती.

"आन समज," महिपती सावकाश म्हणाला, "एखाद्याला म्होरं दिसली, तर?"

"तर त्याच्या मागं दुसरा कुनीतरी दिवा घिऊन हुबा आसंल," बजाबाई म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

महिपतीनं फेटा उतरवला. तो जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

५

माणूस घाबरला की आधी बुद्धी वापरतो. महिपतीनंही रात्रभर वापरली. पेवाच्या तोंडातून उजेड येतो, त्याची सावली असेल. पण वरच्या उजेडाची सावली पायाखाली पडेल, भिंतीवर कशी चढेल? मग धोंडप्पा वरून कंदील दाखवत असेल. पण धोंडप्पा भरदुपारी कंदील कशाला पेटवेल? मग आपल्याला भास झाला असेल. हे त्याला पटलं, कारण याच्यापुढं विचार करायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो उतरला आणि सावली समोर हजर होती.

महिपती झर्रकन मागं वळला. मागं कडब्याची भिंत, आणि त्या भिंतीवर, त्याच्या समोर, सावली. तो उजवीकडं वळला, डावीकडं वळला. कितीही चपळाई केली तरी ती आपली समोरच, म्हणजे उजेड आपला पाठीमागंच. आणि आता त्याला आणखी एक दिसलं. सावलीच्या डोक्यावर पटका होता, पण पटक्यावर दिवा नव्हता. कपाळावरचा दिवा सावलीत दिसायला हवा होता की नको, हे त्याला ठरवता येईना, आणि बायकोला विचारायचीही सोय नव्हती.

त्यानं दोराला दोन झटके दिले. वर आल्यावर धोंडप्पाच्या तोंडाकडं बघून स्वतःच्या ओठांवर आलेलं सगळं त्यानं गिळलं. धोंडप्पाला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. गावाला कळलं की केमला कळणार. पेवात काहीतरी आहे एवढं हिंदुरावाच्या कानावर गेलं, की तो या ज्वारीच्या भाकरीला शिवणार नाही, आणि मग फुला पुन्हा चुलीपाशी खाली मान घालून बसणार. आणि काम सोडावं तर ज्वारी आंबणार. दुसरी आणायला वेळही नव्हता.

"काय झालं?" धोंडप्पानं विचारलं.

"दिवा नगं म्हन्लं. कंदील दे."

कंदील घेऊन तो पुन्हा उतरला. कंदील ज्वारीवर टेकवला तसा तो कलंडला, म्हणून हात मागं करून पाठीशी धरला. त्यानं समोर बघितलं. कंदिलानं एक सावली पडली होती, ती जिथं पडायला हवी तिथंच. तिच्याशेजारी दुसरी होती.

महिपती पाच मिनिटांत वर आला आणि त्यानं मुकाट्यानं पुन्हा कपाळाला दिवा बांधला. दोनांपेक्षा एक परवडली, असा त्यानं हिशोब केला.

"यप्पा, तुजं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" धोंडप्पा म्हणाला.

"लग्नघर हाय," महिपती म्हणाला. "कुनाचं असतंय?"

त्या दिवशी त्यानं अंगातली सगळी ताकद एका निश्चयावर लावली. वळायचं नाही. पोत्याकडं बघायचं, ज्वारीकडं बघायचं, भिंतीकडं नाही. आणि मग असं झालं की काम उरकायला लागलं. एकट्या माणसाला पोतं भरणं म्हणजे कटकट. एका हातानं तोंड फाकवायचं, दुसऱ्यानं पाटी उपसायची, निम्मं आत, निम्मं बाहेर. आता पोत्याचं तोंड आपलं आपण फाकलेलं राहायचं. दुसरीकडची कड ताणून धरलेली, नीट, एखाद्या जुन्या माणसानं धरावी तशी. महिपतीनं त्या कडेकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर धरणारी बोटं दिसली असती की नसती, यातलं काहीच त्याला नको होतं.

चौथ्या दिवशी एका पोत्याला गाठ मारून झाल्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं तुमी हाय. एकट्यानं कदी हुतंय?"

आपण कुणाला अहोजाहो केलं हे कळल्यावर त्यानं मारलेली गाठच पुन्हा आवळली. पण बोलून गेल्यावर आता एकदम गप्प बसणंही बरं दिसेना. म्हणून उरलेला दिवस तो अदबीनं "जरा हिकडं," "थांबा, दम खाऊ द्या," "ऱ्हाऊ द्या, मी उचलतो" असं पुटपुटत राहिला. मागून उत्तर आलं नाही. फक्त फुसफुस ऐकू येत होती. एक कपाळावरची. दुसरी मानेच्या मागची.

"दोन मानसांचं काम करतूस गड्या," वर धोंडप्पा कौतुकानं म्हणाला.

महिपतीनं त्याला पाणी मागितलं.

६

सहाव्या दिवशी तळ लागला. पेव आता पुरतं मोकळं झालं होतं आणि त्याचं पोट एवढं मोठं दिसत होतं की दिव्याचा उजेड कडेला पोचेपर्यंत पातळ व्हायचा. वरती छकड्याचा आवाज आला, मग बैलांच्या घुंगरांचा, मग हिंदुरावाचा. व्याही आले होते. महिपतीच्या जिवात जीव आला. शेवटचं पोतं, मग दोन झटके, मग वर, मग दगड आणि माती. फुलाचं लग्न झालं की या पेवात पुन्हा कुणी ज्वारी घालणार नव्हतं, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

शेवटचं पोतं वर गेलं. दोर परत खाली आला. महिपतीनं तो कमरेला बांधायला घेतला आणि कपाळावरचा दिवा फडफडला. वरच्या डबीतलं पाणी संपलं होतं. फुसफुस थांबली, ज्योत निळी झाली, आखडली आणि विझली.

अंधार पडला नाही.

समोरच्या भिंतीवर त्याची सावली होती तशीच होती. तिच्याभोवती पांढरा, न हलणारा उजेड होता. त्यात कडब्याची काडी न् काडी दिसत होती. महिपतीच्या हातातली गाठ दिसत होती. उजेड जवळ आला असावा, कारण सावली मोठी झाली. मग आणखी मोठी झाली.

महिपतीनं दोराला किती झटके दिले ते त्याला आठवत नाही. धोंडप्पा पुढं सांगायचा, की गड्यानं माझा हात खांद्यातून निखळवायचं तेवढं ठेवलं होतं.

७

बाहेर लख्ख ऊन होतं. पोत्यांच्या थप्पीजवळ हिंदुराव उभा होता. त्यानं एका पोत्याची गाठ सोडून मूठभर ज्वारी हातात घेतली होती, हुंगली होती, आणि चार दाणे तोंडात टाकून तो चावत होता. दारात फुला गूळपाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. सगळे हिंदुरावाच्या जबड्याकडं बघत होते.

"झकास," हिंदुराव शेवटी म्हणाला. "पेवातली ज्वारी आशी ऱ्हायली म्हंजे घरावर कुनाची वाकडी नदर न्हाय. महिपतराव, मन भरलं बघा माजं."

फुलानं मान वर केली. महिपतीला तिचं तोंड दिसलं आणि त्याला रडूच आलं. इतके दिवस त्यानं जे सोसलं ते या एका तोंडासाठी होतं आणि ते कमी पडलं नव्हतं. डोळे पुसायला म्हणून त्यानं घाईघाईनं कमरेची गाठ सोडली. दोराचं टोक त्याच्या हातून सुटलं, दगडावरून घसरलं आणि पेवात गेलं. दुसरं टोक धोंडप्पाच्या मनगटाला होतं.

दोराला एक झटका बसला. मग दुसरा.

सवयीनं धोंडप्पानं पाय रोवले आणि हातभर दोर ओढलासुद्धा. मग त्यानं शेजारी उभ्या असलेल्या महिपतीकडं बघितलं. मग दोराकडं. त्याचे हात जिथल्या तिथं थांबले.

"खाली कोन ऱ्हायलंय?" हिंदुरावानं विचारलं.

दोर पुन्हा दोनदा हलला, अदबीनं, घाई नसल्यासारखा. तो सगळ्यांनी बघितला. हिंदुरावाच्या हातातले दाणे हातातच राहिले आणि त्याच्या भुवया हळूहळू जवळ यायला लागल्या. त्या पुरत्या जवळ आल्या की काय होतं, ते महिपतीला ठाऊक होतं.

"घरचाच हाय," महिपती म्हणाला.

"घरचा म्हंजी?"

"माज्या मदतीला हुता. पाच दिस. त्येच्याबिगर काम निघालं नसतं."

"दिसला न्हाय कंदी."

"बोलत न्हाय तो फारसा. कामाचा हाय."

हिंदुरावाच्या भुवया परत आपल्या जागी गेल्या. कष्टाळू माणूस म्हटलं की तो विरघळायचा. त्यानं दाणे पोत्यात टाकले, हात झटकले आणि पुढं होऊन दोराला स्वतःचा हात लावला.

"मग त्येला खाली ठिवून आमी वर बसायचं व्हय? पाच दिस राबला म्हन्ता. ओडा की वर. आज माज्या पंगतीला बसंल, आन लग्नात माज्या शेजारी."

धोंडप्पानं मनगटाचा दोर सोडवला आणि तो मागं सरला. मग महिपतीनं दोर धरला. दोन व्याही एकामागं एक उभे राहून ओढायला लागले. वजन माणसाचं होतं. पेवाच्या तोंडाच्या आतल्या कडेला, बाहेर इतकं ऊन असूनही, खालून पांढरा उजेड लागायला लागला होता आणि तो हात हात वर चढत होता.

"फुले," महिपती मागं न बघता म्हणाला, "आत जा आन आयेला सांग, एक पान जास्त मांड म्हनावं."